कामगाराला विचारले कोणी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला कारखान्यांतील सुरक्षेवरचा लेख वाचला. रात्री पुन्हा वाचला, कारण पहिल्यांदा रागात काही निसटले असेल असे वाटले. काही निसटले नव्हते. लेखकांची भाषा छान आहे, हे आधी कबूल करतो. पण ते कधी धातू दाबून आकार देणाऱ्या चालू प्रेस मशीनजवळ पूर्ण शिफ्ट उभे राहिले आहेत असे काही लेखावरून दिसत नाही.

त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की कामगार निष्काळजी असतो, नियम पाळत नाही, म्हणून त्याला सुरक्षेत ‘सहभागी’ करून घ्यावे. म्हणजे काय करावे? तर त्याला शपथ द्यावी, घोषवाक्यांची स्पर्धा घ्यावी आणि हेल्मेट घालणाऱ्याला बक्षीस द्यावे. वा! यालाच सहभाग म्हणायचे असेल, तर आमच्या कारखान्याइतका सहभाग कुठेच नसेल. बिल्ले तर घरी डबाभर पडून आहेत.

मी मेंटेनन्स फिटर म्हणून निवृत्त झालो आणि काही वर्षे कामगारांच्या बाजूने सुरक्षा समितीवर होतो. कारखान्याचे नाव लिहीत नाही, कारण असे कारखाने पुष्कळ आहेत.

आमच्याकडे एका प्रेसला नवा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून संरक्षक झाकण, बसवला. गार्ड उत्तम होता, उघडला की त्याला जोडलेल्या लिमिट स्विचमुळे प्रेस आपोआप बंद. कागदावर त्यात काहीच खोट नव्हती. फक्त त्या डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, स्क्रॅपचा तुकडा सारखा अडकतो, हे गार्डचे ड्रॉइंग करणाऱ्याला ठाऊक नव्हते. ठाऊक असायचे तर ऑपरेटरला विचारावे लागले असते. तुकडा अडकला की गार्ड उघडा, प्रेस थांबणार, तुकडा काढा, गार्ड लावा, पुन्हा चालू करा. एवढे सगळे करायचे आणि प्रोडक्शनचे टार्गेट मात्र पूर्वीचेच. पुढे काय झाले हे कारखान्यात काम केलेला कोणीही न विचारता सांगेल. लिमिट स्विच तारेने बांधला गेला, म्हणजे गार्ड उघडा असला तरी प्रेस चालूच. ती तार ऑपरेटरला दिसत होती, सुपरवायझरला दिसत होती, आणि राउंडवर येणाऱ्या साहेबांना दिसत नसेल तर त्यांनी चष्मा बदलायला हवा होता.

त्याच ऑपरेटरने त्याआधी उपाय सांगितला होता. मागच्या बाजूने हवेची नळी आणा, प्रत्येक स्ट्रोकला फुंकर बसेल, तुकडा आपोआप मागे उडेल, मग गार्ड उघडायलाच नको. त्याने मला जमिनीवर खडूने आकृती काढून दाखवली होती. मी ते समितीच्या बैठकीत मांडले. उत्तर मिळाले, ‘‘नोंद घेतली आहे.’’ इतिवृत्तात ती नोंद कुठेच नव्हती. असणार कशी? इतिवृत्त बैठकीच्या आधीच टाइप होऊन आले होते, आम्ही फक्त सह्या करायच्या होत्या. मी सही केली नाही, तेव्हा ‘‘तुमचं नेहमीचंच आहे’’ असे ऐकून घ्यावे लागले.

मग एका रात्रपाळीत त्या ऑपरेटरची दोन बोटे गेली. चौकशी झाली आणि निष्कर्ष निघाला, ‘कामगाराने सुरक्षा उपकरण हेतुपुरस्सर निकामी केले.’ शब्द न् शब्द खरा! तुमच्या लेखकांच्या हिशेबात हा अपघात निष्काळजीपणाच्या खात्यावर जमा होणार. त्यानंतर महिन्याभरात हवेची नळी बसली. तिला लागला पाइपचा एक तुकडा, एक नोझल आणि एक व्हॉल्व्ह. तेही स्टोअरमध्ये होतेच, काही विकत आणावे लागले नाही.

लेखात शिस्तीवर परिच्छेदच्या परिच्छेद आहेत, पण ‘ही वस्तू बसवण्याआधी वापरणाऱ्याला विचारले का’ हा प्रश्न एकदाही नाही. सुरक्षेचे शिक्षण घेतलेला कोणीही उपायांचा क्रम सांगेल. आधी धोकाच काढून टाका, नाहीतर कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत वापरा, मग यंत्रातच बंदोबस्त करा, मग नियम, पाट्या, प्रशिक्षण, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट, हातमोजे, गॉगल. लेख सुरू होतो हेल्मेटपासून आणि संपतोही हेल्मेटवरच.

आणि हे केवळ माझ्यासारख्या कुरकुऱ्या फिटरचे मत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ सालच्या १५५ क्रमांकाच्या करारात व्यवस्थापन आणि कामगार यांचे सहकार्य हा सुरक्षेचा अत्यावश्यक भाग मानला आहे. जिवाला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असे सकारण वाटून कामापासून बाजूला झालेल्या कामगाराला त्याबद्दल त्रास होता कामा नये, हेही त्यातच आहे. सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर टाकू नये, हेसुद्धा. २०२२ साली तर सुरक्षित आणि आरोग्यदायी कामाची जागा हा विषय त्या संघटनेने मूलभूत तत्त्वांत घेतला. कामाच्या जागेच्या सुरक्षेच्या ज्या आयएसओ ४५००१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या प्रमाणपत्राच्या फ्रेमा रिसेप्शनमध्ये लटकतात, ते २०१८ चे मानक व्यवस्थापनात नसलेल्या कामगारांशी सल्लामसलत करायला सांगते. सहभागाच्या आड येणारे अडथळे दूर करा म्हणते. बोलल्याबद्दल होणारी सूडबुद्धीची वागणूक हा त्यातलाच एक अडथळा. ती फ्रेम पुसणाऱ्या कंत्राटी माणसाला समितीत जागा आहे का, हे लेखकांनी एकदा विचारून यावे. सर्वांत धोक्याची कामे त्याच्याकडे आणि समितीत तो कुठेच नाही, असे मी तरी पाहिले आहे.

लेखात गेटवरच्या ‘अपघातविरहित दिवस’ या फलकाचे कौतुक आहे. आमच्याकडेही होता. आकडा मोठा झाला की प्रत्येकाला भेटवस्तू मिळे. त्यामुळे पायाला पट्टी बांधलेला माणूस दिवसभर स्टोअरमध्ये खुर्चीवर बसून हजेरी लावताना मी पाहिला आहे. तो रजेवर गेला असता तर फलक शून्यावर आला असता आणि साऱ्या शॉपची भेटवस्तू बुडाली असती. सहकाऱ्यांनीच त्याला ‘‘थोडं सांभाळून घे’’ म्हटले. अपघात थोडक्यात टळल्याच्या घटनांची नोंदवही वर्षअखेरीस कोरी असली की साहेब खूश. मला मात्र कोऱ्या वहीचीच भीती वाटायची. एवढ्या मशीन आणि एवढी माणसे असताना वर्षभरात कुणी साधे घसरलेही नाही?

जाता जाता, लेखासोबतच्या छायाचित्राबद्दल. ग्राइंडरवर ठिणग्या उडत आहेत आणि हसऱ्या कामगाराचा गॉगल कपाळावर आहे. सुरक्षेच्या लेखाला हे छायाचित्र कोणी निवडले? की तेही कामगाराच्या निष्काळजीपणातच धरायचे?

शेवटची विनंती. माझे मागचे पत्र आपण इतके कापले होते, की मी जे खोडून काढत होतो तेच मी म्हणतो आहे असा वाचकांचा समज झाला. हे पत्रही लांबले आहे, जाणीव आहे. कापायचेच असेल तर करार आणि मानकांचा मजकूर कापा, तो इतरत्रही वाचायला मिळतो. हवेच्या नळीला हात लावू नका.

आपला,
एक निवृत्त फिटर