जवळून गेले म्हणजे किती जवळून?

संपादक महोदय,

‘मनमाडच्या आकाशात उपग्रहांची टक्कर थोडक्यात टळली’ ही आपल्या अंकातली बातमी आणि सोबतचा मोबाइलवरचा फोटो पाहिला. डिसेंबरअखेरच्या त्या संध्याकाळी मीही गच्चीवर होतो. मालगाडीवर गार्ड म्हणून ३४ वर्षे काढली. कुठले स्टेशन किती वाजून किती मिनिटांनी सोडले हे लिहायची सवय निवृत्तीनंतर उपग्रहांकडे वळली.

माझ्या वहीतली नोंद ७ वाजून १० मिनिटांची आहे. वायव्येकडून आलेले आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक पूर्वेला उतरताना रोहिणी ताऱ्याजवळ पोचले आणि नेमका तेव्हाच दक्षिणेकडून उत्तरेला निघालेला एक मंद ठिपका तिथे आला. दुर्बिणीत दोघे अगदी खेटून दिसले. माझ्याही तोंडून ‘अरे!’ निघाले.

पुढचे पंधरा-वीस सेकंद मात्र बातमीत नाहीत. स्थानक तांबूस होत विझले, म्हणजे पृथ्वीच्या सावलीत शिरले. दुसरा ठिपका तसाच उजळ राहून ब्रह्महृदय ताऱ्याकडे सरकत गेला. सूर्य मावळल्यावर सावली वर वर चढत जाते आणि जो खाली असतो तो आधी विझतो. स्थानक साधारण ४०० किलोमीटरवर असते. तिथे अंधार पडला तरी ज्याच्यावर ऊन होते, तो त्याच्या कितीतरी वरून चालला होता. एक गाडी पुलावरून आणि एक पुलाखालून गेली, एवढेच झाले. हे कुणालाही साध्या डोळ्यांनी तपासता आले असते, म्हणून बातमी वाचून वाईट वाटले.

जवळ आले म्हणजे धोका, हेही खरे नाही. इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेत २२० किलोंचे दोन उपग्रह १२ जानेवारी २०२५ रोजी एकमेकांपासून ३ मीटरवर आणून पुन्हा लांब नेले आणि १६ जानेवारीला जोडले. दोघांची दिशा एक, कक्षा एक. यार्डात डब्याला डबा लावतात तसे ते हळूहळू जवळ आले.

आता १० फेब्रुवारी २००९ पाहा. अमेरिकेचा इरिडियम ३३ आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस २२५१ या उपग्रहांच्या वाटा सायबेरियावर, सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर, जवळजवळ काटकोनात छेदत होत्या. सर्वांना खुल्या असलेल्या आकड्यांवरून काढलेला अंदाज सांगत होता की ते ५८४ मीटर अंतर ठेवून जातील. त्याहून जवळून जाणाऱ्या उपग्रहांच्या जोड्या अशा अंदाजांच्या त्याच यादीत होत्या. प्रत्यक्षात हे दोघे सेकंदाला साडेअकरा किलोमीटरहून जास्त वेगाने आदळले आणि नोंद ठेवण्याजोगे दोन हजारांवर तुकडे झाले. ३ मीटरवर काही बिघडले नाही, ५८४ मीटरवर सगळे संपले.

नोव्हेंबर २०२० मध्ये आपला कार्टोसॅट-२एफ आणि रशियाचा कानोपस-व्ही हे उपग्रह जवळून गेले, तेव्हा रशियाने अंतर २२४ मीटर सांगितले, तर इस्रोने सुमारे ४२०. त्यात कुणी खोटे बोलले असे मला वाटत नाही. सेकंदाला साडेसात किलोमीटर धावणाऱ्या उपग्रहाला हा १९६ मीटरचा फरक कापायला सेकंदाचा अडतिसावा भाग पुरतो. स्टॉपवॉचवरचा माझा अंगठा सेकंदाच्या दहाव्या भागाइतका चुकतोच, म्हणजे पाऊण किलोमीटर. त्यामुळे गच्चीवरून मला टकरीचे मीटर सांगता येणार नाहीत. पण उपग्रह कोणत्या ताऱ्याशी किती वाजता आला हे रोज लिहिले, तर तो अंदाजाच्या आधी आला की उशिरा, हे नक्की कळते. १९५७ साली ‘मूनवॉच’ या उपग्रह-निरीक्षण उपक्रमातल्या हौशी निरीक्षकांनी स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहासाठी हेच काम घड्याळ आणि छोट्या दुर्बिणींवर केले होते.

म्हणून विनंती. अशी बातमी पुन्हा आली तर दोघांची उंची, परस्परांच्या तुलनेतला वेग आणि अंतराच्या अंदाजात किती चूक असू शकते, हे विचारून मगच छापावे. आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या चौकटीत एक ओळ वाढवून अवकाश स्थानक कोणत्या दिशेने, किती वाजता दिसेल ते द्यावे. मनमाडच्या वेळा आठवड्याभराच्या एकदम काढून मी दर शनिवारी आपल्या कार्यालयात आणून देईन.

एक निवृत्त रेल्वे गार्ड, मनमाड