विट्याच्या गाड्या आणि पाडांग पांजांगची एनपीएम

तीर्थरूप आई व बाबा यांना,

शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

प्रकाशने दोन नव्या स्लीपर गाड्या कर्जावर घेऊन विटा-हैदराबाद लाइन सुरू करायचे ठरवले आहे आणि बाबांचा त्याला ठाम विरोध आहे, हे आईने फोनवर सांगितले. दोघांनीही माझे मत विचारले आहे. फोनवर हा विषय निघाला की दोन मिनिटांत आवाज चढतात, म्हणून सवडीने पत्रच लिहीत आहे. मी इथे जाकार्ताजवळच्या सूतगिरणीचे हिशेब सांभाळते, गाड्या चालवत नाही. पण गॅरेजच्या मागच्या खोल्यांत वाढलेल्या माणसाचे लक्ष रस्त्यावरच्या बसकडे गेल्याशिवाय राहत नाही, आणि या देशातील बस कंपन्या बहुतेक घरगुतीच असल्यामुळे त्यांची कहाणी ऐकताना मला वारंवार आपलेच घर आठवते. त्यांपैकी एका घराण्याविषयी जरा विस्ताराने सांगते; माझे मत त्यातूनच निघणारे आहे.

तिकडे एस.टी. नाही का, असे बाबांनी मागे विचारले होते. सरकारी कंपनी आहे, तिचे नाव दामरी, आणि ती 1946 पासून चालू आहे. परंतु आपल्याकडे टप्पा वाहतुकीचा, म्हणजे वाटेत ठिकठिकाणी प्रवासी चढवत-उतरवत जाण्याचा, हक्क जसा मुख्यतः एस.टी.कडे राहिला आणि खासगी मालकांना वेगळ्या परमिटवर धंदा करावा लागला, तसे इथे झाले नाही. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाणाऱ्या मार्गांचे परवाने खासगी कंपन्यांना रीतसर मिळतात, त्यांच्या गाड्या सरकारी बस टर्मिनलमध्येच लागतात आणि तिथूनच प्रवासी घेतात. त्यामुळे इथला बस मालक चोरट्यासारखा पुलाखाली गाडी उभी करत नाही. पण त्याच फलाटावर आणखी दहा मालकांच्या गाड्या उभ्या असतात, हेही खरे.

या मालकांत सर्वांत जुने नाव पश्चिम सुमात्रातील एनपीएमचे. ‘नाइकीला पेरुसाहाआन मिनांग’ या नावाची ही आद्याक्षरे; मिनांग लोकांच्या कंपनीच्या गाडीत बसा, एवढाच त्याचा अर्थ. बहाउद्दीन सुतान बारबांसो नान कुनियांग नावाच्या गृहस्थांनी 1937 साली पाडांग पांजांग या डोंगरातल्या गावी ती सुरू केली. तेव्हा इथे डच राज्य होते. आपली एस.टी. पुण्याहून अहमदनगरला पहिल्यांदा धावली ती 1 जून 1948 रोजी, म्हणजे ही कंपनी त्याहून अकरा वर्षांनी मोठी. इंडोनेशियात आजही रस्त्यावर असलेल्या बस कंपन्यांत ती सर्वांत जुनी मानली जाते आणि सध्या तिचा कारभार संस्थापकांची तिसरी पिढी, आंगा विर्चान्सा चैरुल, पाहत आहे.

गाव पाहिल्यावर कंपनी तिथेच का जन्मली हे कळते. समुद्रकाठच्या पाडांग शहरातून वर चढणारा रस्ता लेम्बा आनाइच्या घाटातून, धबधब्याच्या अगदी पायथ्याशी वळून पाडांग पांजांगला येतो, आणि तिथून बुकिट्टिंगीकडे व सोलोककडे फाटे फुटतात. मारापी, सिंगालांग आणि तांडिकाट या तीन डोंगरांमध्ये वसलेल्या त्या गावात पाऊस जवळजवळ रोजचाच. ज्याच्या गाड्या या नाक्यावर उभ्या, त्याला तिन्ही दिशांची सवारी. बाबांनी पहिली गाडी घेतली तेव्हा कराडऐवजी विट्यालाच गॅरेज का ठेवले, याचे त्यांनी दिलेले उत्तर मला इथे आठवले.

मात्र नुसत्या नाक्यावर कंपनी वाढत नाही. मिनांगकाबाऊ समाजात घर-जमीन आईकडून मुलीकडे जाते, आणि पुरुषाने ऐन तारुण्यात गाव सोडून बाहेर नशीब काढावे अशी पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. तिला ते मरांताऊ म्हणतात. जाकार्ताच्या गल्लीगल्लीत दिसणारी पाडांगी खानावळ, ताना आबांगच्या बाजारातले कापडाचे गाळे, यांच्या मागे हीच माणसे आहेत. ती ईदला गावी परततात आणि कित्येकदा गावचे लोक मिळून एकत्र गाड्या करून येतात. म्हणजे सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, खानापूर-आटपाडीतून देशभर पसरलेले आणि जत्रेला, दिवाळीला न चुकता विट्याला येणारे आपले गलाई बांधव! एनपीएम आणि तिच्यासारख्या पाडांगच्या इतर कंपन्या या माणसांच्या पाठोपाठ जावापर्यंत गेल्या. आधी माणसे गेली, मग गाडी गेली. प्रकाशने हे वाक्य दोनदा वाचावे अशी माझी इच्छा आहे.

मी स्वतः ऑफिसातल्या एका मिनांग बाईंबरोबर त्या मार्गाने एकदा गेले आहे. जावाच्या टोकाला मेराकच्या धक्क्यावर बस फेरीबोटीच्या पोटात शिरते, क्लीनर उतरून चाकांखाली ठोकळे सारतो, इंजिन बंद होते आणि प्रवाशांना वरच्या डेकवर पाठवतात. सुंदाची सामुद्रधुनी ओलांडायला साधारण दोन तास लागतात. तेवढ्यात एक चालक गाडीच्या मागच्या टोकाला, चालकांसाठीच ठेवलेल्या अरुंद कप्प्यात जाऊन झोपला, कारण पलीकडे सुमात्रात बाकाउहेनीला उतरल्यावर रात्रीची पाळी त्याची होती. परतीच्या वाटेवर सामानाच्या डिकीत प्लास्टिकच्या सुतळीने करकचून बांधलेली पुठ्ठ्याची खोकी होती. कोणाच्या खोक्यात आईने दिलेले रेंडांग (मसाल्यात आटवलेले मांस), कोणाच्या खोक्यात बुकिट्टिंगीचे संजाई वेफर. काही खोक्यांबरोबर माणूसच नव्हता, नुसतेच जाकार्ताचे नाव आणि फोन नंबर. आपल्या गाडीतून मुंबईला जाणारे भाकरीचे डबे आईला आठवतील. पार्सलचा गल्ला वेगळा मांडावा असे मी बाबांना पूर्वीपासून सांगत आले आहे. इथल्या कंपन्या तो मांडतात, आणि काहींनी त्याचा स्वतंत्र धंदाच केला आहे.

आता पडतीविषयी, कारण बाबांच्या विरोधाचे मूळ तिथे आहे. सन 2000 नंतर इंडोनेशियात विमानाची तिकिटे स्वस्त झाली. जाकार्ताहून पाडांगला विमान दोन तासांच्या आत पोचते आणि बसला दीड दिवस लागायचा. दोन्हींच्या तिकिटांत फार अंतर उरले नाही, तेव्हा बसमध्ये कोण बसणार? सुमात्रातील जवळजवळ सर्व कंपन्यांना लांबच्या फेऱ्या आवराव्या लागल्या, कित्येक नावे कायमची पुसली गेली. एनपीएमही या फटक्यातून सुटली नाही. तरीही जी घराणी टिकली त्यांच्याकडे पाहिले तर एक गोष्ट दिसते, ती म्हणजे त्यांनी जवळचे मार्ग, स्वतःची जागा आणि स्वतःचे गॅरेज सोडले नाही. रिकाम्या गाड्या केवळ हट्टाने लांबवर पळवण्यापेक्षा धंदा लहान करून बसणे त्यांनी पत्करले. कोविडच्या साथीनंतर बाबांनी दोन गाड्या विकल्या त्याला प्रकाश अजून माघार म्हणतो. मी हिशेब करणारी बाई आहे, मला ती माघार वाटत नाही.

मग वारे फिरले. 2019 च्या सुरुवातीला विमानाची भाडी एकदम वाढली, पूर्वी फुकट जाणाऱ्या सामानालाही काही कंपन्या पैसे घेऊ लागल्या, आणि ओरड इतकी झाली की मे महिन्यात सरकारला कमाल भाड्याची मर्यादा खाली आणावी लागली. त्याच वर्षी 8 मार्च रोजी बाकाउहेनी ते तर्बांगी बसार हा सुमारे 140 किलोमीटरचा टोल रस्ता खुला झाला, नोव्हेंबरात तो पुढे कायू आगुंगपर्यंत वाढला, आणि दक्षिण सुमात्रातील जो पट्टा खड्ड्यांसाठी व वाटमारीसाठी बदनाम होता तो काही तासांत ओलांडता येऊ लागला. जावातही जाकार्ता ते सुराबाया हा टोल मार्ग डिसेंबर 2018 मध्ये सलग जोडला गेला होता. त्या ईदला बस पुन्हा भरल्या. पुढच्या दोन वर्षांत साथीमुळे सरकारने ईदच्या गावी जाण्यावरच बंदी घातली, तेव्हा सगळ्यांचे हाल झाले. पण रस्ता गेला नव्हता, आणि 2022 मध्ये बंदी उठल्यावर ज्यांच्या गाड्या नीट होत्या त्यांनी ती गर्दी घेतली.

एनपीएमच्या नातवाने याच काळात लांबचा मार्ग पुन्हा उभा केला. शौचालय, पाय लांब करता येतील अशा रुंद खुर्च्या, असा सरंजाम असलेल्या नव्या गाड्या आणल्या आणि मोबाइलवरच वाढलेल्या तरुण प्रवाशांशी कंपनी त्यांच्या पद्धतीने बोलू लागली. इथे बसचे छायाचित्र काढत फिरणाऱ्या हौशी पोरांची मोठी जमात आहे. 2016 मध्ये बसचा सुरेल हॉर्न वाजवावा म्हणून रस्त्याकडेला पाट्या धरून उभी राहिलेली जावातली मुले जगभर गाजली होती, हे कदाचित वाचले असेल. अशा पोरांकडे जुने मालक दुर्लक्ष करत. नातवंडांनी त्यांना फुकटचे जाहिरातदार मानले.

गाड्या मात्र सगळ्या कोऱ्या नसतात. चेसिस वेगळी घ्यायची आणि बॉडी बांधून घ्यायची, ही रीत आपल्यासारखीच. उंगारानचा लक्साना आणि मालांगचा आदिपुत्रो हे त्यातले मोठे कारखाने. चांगल्या जुन्या चेसिसवर नवी बॉडी चढवून गाडी पुन्हा लाइनवर लावणे इथे मुळीच कमीपणाचे समजले जात नाही. आपली 2014 ची गाडी अजून इंजिनाने ठणठणीत आहे असे बाबाच म्हणतात, मग दोन कोऱ्या गाड्यांऐवजी एक नवी आणि एक नव्या बॉडीची, असा विचार कोणी केला आहे का?

दुसरे एक घराणे प्रकाशसाठी. जी. टी. सुरबाक्ती यांनी 1970 मध्ये बोगोर-जाकार्ता मार्गावर दोन गाड्या घालून कंपनी काढली आणि तिला थोरल्या मुलीचे, लोरेनाचे, नाव दिले. (बाबा, तुम्ही गाडीला माझे नाव दिले नाही, खंडोबाचे दिले; त्याबद्दल तक्रार नाही.) ती मुलगी पुढे कंपनी चालवू लागली आणि ऑर्गान्डा या देशातल्या वाहतूकदारांच्या संघटनेची अध्यक्षही झाली. एप्रिल 2014 मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. आलेल्या पैशावर ती झपाट्याने पसरेल असे सगळ्यांना वाटले, परंतु त्यानंतरची बरीच वर्षे तिने तोट्याचे ताळेबंद दाखवले. भांडवल उभे राहिले म्हणून सीटवर माणूस येत नाही.

आणि एक गोष्ट दोघांसाठी, कारण नव्या लाइनवर तुम्ही चालकांना भरण्यावर टक्केवारी देणार असल्याचे कानावर आले. पूर्व जावात सुंबर कंचोनो नावाची कंपनी याच पद्धतीने फोफावली. जितकी सवारी तितकी कमाई, म्हणून एकाच मार्गावरच्या गाड्या एकमेकींच्या पुढे जाण्यासाठी जिवावर उदार होऊन धावत. सप्टेंबर 2011 मध्ये मोजोकर्तोजवळ तिच्या एका गाडीच्या अपघातात वीस माणसे मेली आणि त्यानंतर कंपनीला रस्त्यावरचे नावच बदलावे लागले. पगार ठरलेला ठेवा. महिन्याला थोडे जास्त जातील, ते मी हिशेबात धरले आहेत.

आता माझे मत. हैदराबादला आपल्या भागातली गलाईची कुटुंबे पुष्कळ आहेत, ती सणाला येतात, आणि म्हणून प्रकाशची दिशा चुकलेली नाही. चुकतो तो वेग. बाराही महिने रोज दोन्हीकडून गाडी सोडण्याइतकी सवारी आहे की नाही, हे कोणीच मोजलेले नाही. समोरच्या ट्रॅव्हल्सने सुरू केली म्हणून आपणही, एवढाच आधार आहे. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आणि नंतर पंधरा दिवस आपली आहे तीच गाडी आठवड्यातून तीनदा चालवून पाहावी, पार्सलसह प्रत्येक फेरीचा जमाखर्च वेगळा लिहावा, आणि तो पाहून एका गाडीचे कर्ज घ्यावे. बाबांनीही एक करावे. ती लाइन पूर्णपणे प्रकाशकडे सोपवावी, चालक निवडण्यापासून भाडे ठरवण्यापर्यंत. रोज रात्री गॅरेजमध्ये येऊन त्याच्या डिझेलच्या पावत्या तपासू नयेत. एनपीएमच्या नातवाच्या हाती कारभार होता म्हणून त्याला काही करता आले. नुसता हुद्दा देऊन ते झाले नसते.

आईने मला मागच्या तीन वर्षांच्या दिवाळी बुकिंगच्या वह्यांचे फोटो पाठवावेत, त्यात कोणत्या एजंटने किती सीट दिल्या ते पानही असू द्यावे. बँकेने सांगितलेला हप्ता व व्याजाचा दर प्रकाशने स्वतः लिहून पाठवावा. रविवारपर्यंत आले तर पुढच्या आठवड्यात मी फेरीमागचा खर्च काढून दोघांनाही एकच कागद पाठवते.

तुमची,
संगीता