‘बूस’ म्हणजे नेमकं काय?

प्रिय सुहास,

ग्रीक महाकवी होमर वाचताना तू ‘बूस’ या ग्रीक शब्दापाशी अडलास. कोशात गाय, बैल, वळू असे तिन्ही अर्थ दिले आहेत, मग कोणता धरायचा? अरे, तिन्ही खरे. नर की मादी ते ग्रीक माणूस संदर्भावरून ओळखायचा. संस्कृतातला ‘गो’ही असाच, आणि तो ‘बूस’चा सख्खा भाऊ आहे. मूळ एकच; ग्रीकांकडे पहिल्या व्यंजनाचा ‘ब’ झाला, आपल्याकडे ‘ग’ राहिला. म्हणून हेरादेवीला ‘बोओपिस’, म्हणजे गाईच्या डोळ्यांची, म्हटलेलं वाचून बिचकू नकोस. टपोऱ्या डोळ्यांचं ते कौतुक आहे.

माझा सर्वांत लाडका शब्द मात्र ‘बूलुतोस’. बैल जुवातून सोडायची वेळ! होमरच्या ‘इलियड’ महाकाव्याच्या १६व्या सर्गात ग्रीक वीर पात्रोक्लोस ट्रॉयवाल्यांशी लढतोय. सूर्य माथ्यावर असेतो दोन्हीकडची माणसं सारखीच पडतात; तो ‘बूलुतोस’कडे कलला की अखायी, म्हणजे ग्रीक, सैन्य वरचढ ठरतं. ट्रॉयच्या रणात कुणाच्या हाती नांगर नाही, तरी कवी वेळ सांगतो ती औत सुटण्याची. ऐकणाऱ्यांचे दिवस बैलांच्याच चालीने सरत असणार, त्याशिवाय ही खूण चालली नसती. तू मराठीत उतरवशील तेव्हा तिथे नुसतं ‘संध्याकाळ’ लिहू नकोस रे. ‘औतं सुटायच्या वेळेला’ लिही.

आणखी एक सांगतो. ग्रीसच्या क्रीट बेटावरल्या क्नोसोसच्या राजवाड्यात होमरच्याही आधीच्या, ३,००० वर्षांहून जुन्या मातीच्या पाट्या सापडल्या. १९५२मध्ये मायकल व्हेंट्रिसने त्यांची लिपी उलगडली आणि भाषा ग्रीक निघाली. बहुतेक पाट्या कोरड्या हिशेबाच्या: मेंढ्या, लोकर, धान्य. पण काहींवर गड्याच्या नावापुढे त्याच्या बैलजोडीची नावं आहेत! एका जोडीत आइवोलोस आणि केलाइनोस: एक चपळ, दुसरा काळा. दुसऱ्या पाटीवर पोदार्गोस, पांढऱ्या पायांचा. पुढे ‘इलियड’मध्ये हेच नाव ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या घोड्याला मिळालं. राजवाड्याच्या कारकुनाला नगांची संख्या पुरली असती, तरी त्याने नावं लिहिली. ‘बूस’चा अर्थ मला कोशापेक्षा या पाट्यांतून जास्त उमगला.

तुझ्या आबांनी त्यांच्या बैलांना कोणकोणती नावं दिली होती? ढवळ्या-पवळ्या सोडून बाकीची सगळी आठवून कळव, आणि प्रत्येक नाव कशावरून पडलं तेही लिही.

तुझा,
मिलिंद