भरतनाट्यमच्या इतिहासात तंजावर कुठे आहे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जागतिक नृत्यदिनानिमित्त आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखात भरतनाट्यम ही दोन हजार वर्षे अखंड चालत आलेली मंदिरकला असल्याचे म्हटले आहे. नाट्यशास्त्र प्राचीन आहे आणि राजराज चोळाने बृहदीश्वराच्या सेवेसाठी सुमारे ४०० नर्तकी तंजावरात आणून वसवल्याचे तिथल्या शिलालेखात कोरलेले आहे, हे खरेच. परंतु अलारिप्पूने सुरू होऊन जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम असे टप्पे घेत तिल्लानाने संपणारा जो कार्यक्रम आज आपण पाहतो, त्याची घडण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील असून तिचे मुख्य केंद्र तंजावरच्या भोसल्यांचा दरबार हे होते. मराठी वृत्तपत्रातील लेखात त्या दरबाराचा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटले.

तंजावरचे राजे शहाजी (कारकीर्द १६८४–१७१२) यांनी तेलुगूत पदे व ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ रचले, तुळजाराजांच्या ‘संगीत सारामृत’ या संस्कृत ग्रंथात नृत्याच्या प्राथमिक हालचालींचे, म्हणजे अडवूंचे, वर्णन येते आणि सरफोजी दुसरे (१७९८–१८३२) यांच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणे आहेत.

यावरून ‘भरतनाट्यम मराठ्यांनी दिले’ असा निष्कर्ष कोणी काढू लागल्यास (आपल्याकडे त्याला वेळ लागत नाही) तोही तितकाच एकांगी ठरेल. राजांनी आश्रय दिला, काहींनी रचनाही केल्या. पण कार्यक्रमाचा हा क्रम बांधला तो चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चार नट्टुवनार (म्हणजे नृत्यगुरू) बंधूंनी, आणि तो अंगात मुरवून पुढच्या पिढ्यांना दिला देवदासींनी. १८५५ मध्ये तंजावरचे राजे शिवाजी पुत्राविना वारले, इंग्रजांनी राज्य खालसा केले आणि कलावंतांचा आधार तुटला. शतकाच्या अखेरीस देवदासींच्या नाचाविरुद्ध चळवळ उभी राहिली. पुढे १९३० नंतरच्या दशकात ई. कृष्ण अय्यर, रुक्मिणीदेवी अरुंडेल आदींच्या प्रयत्नांनी ‘सदिर’ म्हणून हिणवली गेलेली हीच कला ‘भरतनाट्यम’ या नावाने प्रतिष्ठित झाली, परंतु जिच्या घराण्यांनी ती जपली ती देवदासी मात्र रंगमंचावरून जवळजवळ दिसेनाशी झाली. बालसरस्वतींसारखा अपवाद विरळाच.

अखंड मंदिरपरंपरेच्या गोष्टीत नेमका हाच भाग गळतो. पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिले गेल्यास नट्टुवनार व देवदासी घराण्यांना त्यात जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे