मांडव आता एकट्याने मिटतो

दिवा कोळीवाडा, ऐरोली
कोजागिरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप बाबा आणि आईस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आधी कबुली देते. तुम्हाला न विचारता मी सावलीच्या मांडवासाठी बोटीच्या काठाला चार नवी भोकं पाडली. फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाचा, मग रागवा.

मे महिन्यातली ती संध्याकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. वाऱ्याच्या पहिल्याच झोताने मांडवाचं कापड फुगलं आणि बोट आडवी वाहायला लागली. मी १३ नंबरचा पाना घेऊन नट सोडवत होते आणि तुम्ही पुढची कमान खांद्यावर तोलून उभे. सहावा नट निघेपर्यंत तुमचा खांदा गेला होता. वारा सुटला की जे आधी उतरायला हवं, तेच आपण सहा नटांनी जखडून ठेवलं होतं.

आपण ज्याला मांडव म्हणतो त्याला बोटवाले बिमिनी म्हणतात. नीट बनवलेल्या बिमिनीत फक्त मुख्य कमान काठाला बसते, तीही बिजागरीवर. बाकीच्या कमानी तिच्याच पायांना जोडलेल्या असतात. सगळं उभं राहतं ते पुढच्या-मागच्या पट्ट्यांच्या ताणावर. पुढचे पट्टे सोडले की कमानी छत्रीच्या काड्यांसारख्या एकत्र येऊन मागे निजतात. आपल्या तिन्ही कमानींचे पाय काठावर वेगवेगळ्या जागी होते. त्या मिटणार कशा?

मुख्य म्हणून मी मधली कमान घेतली. तिची जुनी जागा वापरता आली असती तर भोकं पाडलीच नसती. पण तिचा पाय साडेचार फुटांचा. आडवी झाली की मागे तेवढीच जागा लागते, आणि जुन्या जागेवरून ती थेट इंजिनावर आपटत होती. दोन दिवस बांबू सुतळीने बांधून मी नुसती मापं घेत होते. शेवटी बिजागरी एक वीत पुढे सरकवली. तेव्हा कुठे गठ्ठा इंजिनाच्या अलीकडे बसला.

भोकांची काळजी करू नका. फायबरच्या आत प्लाय आहे, त्यात पाणी शिरलं की ते कुजतं, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून आधी मोठं भोक पाडलं, ते इपॉक्सीने भरलं, सुकल्यावर त्यातून बोल्टाचं भोक काढलं. खालून स्टीलची पट्टी दिली. बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घेतले. महाग पडले, पण खाऱ्या पाण्यात ३०४ च्या मानाने ते जास्त टिकतात. जुन्या सहा भोकांपैकी पुढच्या-मागच्या चारांत पट्ट्यांच्या कड्या बसवल्या, मधली दोन बुजवून टाकली.

आई, मिटलेल्या मांडवावर चढवायची लांब पिशवी मी तुझ्या पायमशीनवर शिवली. १८ नंबरची सुई लावली, तरी चार पदर आले की चाक हाताने फिरवावं लागलं. सुती दोरा उन्हाने मागच्या वेळी कुजला होता, म्हणून या वेळी पॉलिस्टरचा वापरला. तुझ्यासारखी सरळ शिलाई काही जमली नाही. एक बाजू उसवून परत घातली. पिशवी हवीच होती, कारण मिटलेलं कापड तसंच उन्हात आणि शिटेत राहिलं तर वर्षभरही टिकणार नाही.

काल भरतीच्या पाण्यात बोट काढून पाहिली. मी एकटीच होते. आधी पुढचे दोन पट्टे सोडले, कमानी मागे घेतल्या, कापड कमानींच्या नळ्यांमध्ये चिमटू नये म्हणून गुंडाळून बांधलं. पाना हातात घ्यावाच लागला नाही. शेजारच्या बोटी धक्क्याला घासतात तिथेही आता आपल्या नळ्या अडकत नाहीत. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला येणारी माणसं थव्याजवळ पोचली की डोक्यावर मोकळं आकाश मागतात. ते देता येईल याचा मला फार आनंद झाला. पक्षी अजून यायचे आहेत. पुलाखालच्या चिखलावर सध्या बगळेच दिसतात.

बाबा, दादाला सांगा, डॉक्टरांनी तुम्हाला हात वर करायला परवानगी दिली की लगेच कळव. पुढच्या पट्ट्यांच्या चापाच्या कड्या मी फिरवून बसवल्यात, डाव्या हाताने उघडतील अशा. उजव्या खांद्यावर जोर पडणार नाही. एकदा तुम्ही स्वतः मिटून बघा. कुठे अडतंय ते सांगा, म्हणजे पर्यटकांचे दिवस सुरू व्हायच्या आत बदलून घेते.

तुमची,
धाकटी