वायरमन मामा, तुमचे आभार मानायचे राहिलेत

मामा, रामराम. तुम्ही नवीन अल्टरनेटर (ज्याला सगळे डायनामो म्हणतात, इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) आणि जाड केबल बसवल्यापासून गाडी एकदम ओके आहे, बॅटरी चार्जिंगचा काही त्रास नाही, हे आधीच सांगतो म्हणजे तुम्ही निवांत वाचाल. दुकानात येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा घे आणि नीघ, गिऱ्हाईक थांबलंय" म्हणता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. ज्यांच्याकडं माझ्यासारखी जुनी डिझेल पिकअप आहे त्यांनाही कळू दे.

नारायणगावात टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि रात्रीतून माळशेज उतरून वाशी मार्केट गाठायचं, हा आमचा धंदा. पावसाळ्यात घाटात धुकं असलं की हेडलाईट, फॉग लॅम्प, वायपर आणि काच धुरकट होऊ नये म्हणून ब्लोअर, सगळं एकदम चालू. घाटात इंजिन पळतं तोवर ठीक, पण शिळफाट्याच्या जॅममध्ये आयडलवर, म्हणजे इंजिन नुसतं मंद चालू ठेवून, उभं राहिलं की लाईट पिवळे पडायचे, हॉर्नचा घसा बसायचा, आणि वाशीला माल खाली करून सेल्फ मारला की नुसतं टक टक. मग माथाडी पोरांना हात जोडून धक्का. जो भेटेल तो म्हणायचा बॅटरी बदल, नाहीतर डायनामो गेलाय. नवीन बॅटरी टाकून झाली तरी पावसाळा आला की तेच.

तुम्ही एकटे असे भेटलात ज्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी मीटर घेतला. इंजिन जरा रेसवर, सगळे लाईट चालू, आणि अल्टरनेटरवर १४.१ व्होल्ट असताना बॅटरीवर फक्त १२.९. मग मीटरचा लाल प्रोब अल्टरनेटरच्या बी प्लसच्या, म्हणजे करंट बाहेर येतो त्या नटावर, काळा बॅटरीच्या प्लसला, तर मधेच ०.८ व्होल्टचा फरक. अर्थिंगच्या बाजूला ०.४. "करंट तयार होतोय रे, वाटेतच खाल्ला जातोय" म्हणालात आणि लगच्या, म्हणजे केबलच्या टोकाला दाबलेल्या कडीच्या, मागची टेप सोलून दाखवली, तर आत तांब्याच्या तारा हिरव्याकाळ्या होऊन हाताला पीठ लागल्यासारखं लागत होतं. ते बघितल्यावर कुठल्या बॅटरीवाल्याला काय दोष देणार.

दुसरी गोष्ट तुम्ही सिगारेटच्या पाकिटावर हिशेब करून समजावली ती आता मीच लोकांना सांगत फिरतो. रात्रीचा माझा लोड ३५ अँपिअरच्या आसपास जातो, आणि जुन्या अल्टरनेटरवर ४५ लिहिलेलं असलं तरी तो आकडा पळत्या इंजिनचा, आयडलला त्यातला निम्माच हाती लागतो, म्हणजे जॅममध्ये बाकीचं बॅटरीच्या खिशातून जातंय. म्हणून ९० चा बसवायचा ठरवलं. मी म्हणालो एवढा मोठा लावला तर बॅटरी उकळेल, त्यावर तुम्ही हसलात. लोड मागेल तेवढेच अँपिअर जातात, बॅटरी उकळते ती व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज १५ च्या वर गेलं की.

आणि व्हॅक्युम पंप! हे मला स्वप्नातही सुचलं नसतं. एक जण मला स्वस्तात दुसऱ्या गाडीचा अल्टरनेटर देत होता, मापही बसत होतं, मी घेणारच होतो. तुम्ही विचारलं याच्या मागचा पंप कुठाय? आपल्या गाडीत ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला व्हॅक्युम देणारा पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर बसतो, त्याला इंजिनमधून ऑईलची नळी येते, तो नसला तर लाईट झकास आणि ब्रेक दगड. माळशेजच्या उतारावर लोड गाडी आणि ब्रेक दगड, विचार करूनच घाम फुटतो. तुम्ही पंपवाला मिळेपर्यंत थांबवलंत, स्वतः दोन-चार ठिकाणी फोन लावलेत. बसवल्यावर इंजिन बंद ठेवून ब्रेक तीन-चारदा पंप करायला लावला, मग पाय दाबून ठेवून स्टार्ट मारायला सांगितलं, आणि पेडल पायाखाली हळूच खाली गेलं तेव्हाच तुम्ही बॉनेट लावू दिलं.

अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतच्या केबलच्या बाबतीत तर तुमचा हट्ट विचारू नका. २५ स्क्वेअर एमएमची वेल्डिंग केबल, तीही आधी ब्लेडनं तार खरवडून बघितली की आतून पांढरी निघतेय का, कारण वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम असला माल बाजारात भरपूर आहे. लग हातोडीनं ठोकून नाही, हायड्रॉलिकनं दाबून, वर हीट श्रिंक. १२५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, कारण केबल कुठं घासून बॉडीला लागली तर खरी आग बॅटरीकडून येते. मी म्हणालो जुनी वायर पण राहू दे, तेवढीच मदत. तुम्ही ती काढूनच टाकली. नवीन फ्यूज उडाला तर सगळा करंट त्या बारक्या वायरवर येऊन तीच जळेल, हे ऐकल्यावर गप्प बसलो. आणि तेवढीच जाड केबल इंजिन ब्लॉकपासून बॅटरीच्या मायनसला आणि चेसिसला, जे बाकी कुणीच करत नाही, प्लस जाड करून मोकळे होतात.

आता सगळं चालू ठेवून बॅटरीवर १४ च्या आसपास दाखवतं, आयडलला १३.६ च्या खाली येत नाही. नवीन बेल्ट थोडा चिरकला होता, तुम्ही सांगितल्याप्रमाणं परत ताणून घेतला, आता आवाज नाही. मीटरही विकत घेतलाय, डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो.

एक तक्रार मात्र आहे. लेबर तुम्ही फारच कमी लावलंय. एवढा वेळ गाडीखाली पडून काम केलंत आणि पैसे विचारले तर "टोमॅटोला भाव आला की बघू". मामा, भाव आलाय. शिवाय माझा चुलतभाऊ त्याची पिकअप घेऊन येतोय, त्याचीही तीच रड आहे, त्याला बजावून ठेवलंय की येताना नवीन बॅटरी घेऊन येऊ नकोस. त्याच्या बिलात माझं राहिलेलं धरा आणि नाही म्हणू नका.