क्रीडामंत्र्यांना खुले पत्र : आमच्या सरांची फाइल

मा. क्रीडामंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी नामवंत खेळाडू नाही. पुण्यात कॉलेजच्या हॉकी संघात तीन वर्षं गोली होतो, एवढीच माझी खेळातली कमाई. हे पत्र आमच्या सरांसाठी आहे. त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कळलं तर या वयातही मला मैदानाला फेऱ्या मारायला लावतील.

हॉकीत गोलीचं सामान सगळ्यात महाग. पॅड, किकर, हेल्मेट, चेस्ट गार्ड. आमच्याकडे एकच संच होता, माझ्या आधीच्या चार-पाच जणांच्या घामात मुरलेला. पावसाळ्यात तो वाळायचा नाही, म्हणून सर स्कूटरला बांधून घरी न्यायचे आणि काकू पंख्याखाली पसरून ठेवायच्या. सकाळी पॅडला अगरबत्तीचा वास यायचा. तुटलेला पट्टा चांभाराकडून शिवून यायचा. पैसे कोणी दिले, हे आम्ही कधी विचारलं नाही. आता लाज वाटते.

मोडलेली स्टिक फेकायची नाही, हा त्यांचा नियम. फेव्हिकॉल लावायचा, वर घट्ट टेप गुंडाळायची आणि ती खडकीतल्या शाळकरी पोरांना द्यायची. चार ऑलिंपिक खेळलेला धनराज पिल्लेही खडकीचाच, आणि मोडक्या स्टिकवरच शिकलेला.

गेल्या वर्षी आम्ही जुन्या पोरांनी राज्याच्या क्रीडा मार्गदर्शक पुरस्कारासाठी सरांची फाइल करायला घेतली. तेव्हा कळलं, अर्ज मार्गदर्शकानेच करायचा, सोबत त्याच्या खेळाडूंच्या पदकांची प्रमाणपत्रं. "मीच माझी शिफारस करू? डोकं फिरलंय का तुमचं?" सर म्हणाले. सही अक्षरशः भांडून घेतली. खिडकीवरच्या साहेबांनी फाइल चाळली, पदकं मोजली आणि परत दिली.

त्यांचंही चुकलं नाही म्हणा, रकानाच तसा आहे. पण सरांचा एक पोरगा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि तिथल्या मुलींना हॉकी शिकवतो. दोघे फौजेत आहेत. एक रिक्षा चालवतो आणि रविवारी शिट्टी घेऊन मैदानावर असतो. हे कुठे लिहायचं?

मुंबईचे हॉकी प्रशिक्षक मर्झबान पटेल, म्हणजे सगळ्यांचे 'बावा', यांना 2019 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आनंद झाला. एड्रियन डिसूझा, युवराज आणि देवेंदर वाल्मीकी असे भारतासाठी खेळलेले शिष्य होते, म्हणून त्यांचं काम दिल्लीपर्यंत दिसलं. ज्यांची पोरं भारताच्या संघापर्यंत पोचलीच नाहीत, त्यांचं काय?

15 जानेवारीला आपण खाशाबा जाधवांच्या नावाने राज्य क्रीडा दिन साजरा करतो. 1952 मध्ये खाशाबांना कुस्तीसाठी हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर 7000 रुपयांना गहाण टाकलं होतं. तुमच्या आजच्या अर्जात त्यांना किती गुण मिळाले असते?

मागणी छोटी आहे. मार्गदर्शकाचं नाव सुचवायचा हक्क त्याच्या माजी विद्यार्थ्यांना द्या, आणि पदकांशेजारी मैदानावर घालवलेल्या वर्षांचाही एक रकाना ठेवा.

सरांना या पत्राचं सांगितलेलं नाही. परवा गेलो तेव्हा ते पायरीवर बसून कुणाच्या तरी पॅडचा पट्टा बघत होते. म्हणाले, "आलास? हा जरा धर."

आपला,
एक माजी गोली